मशीन बंद, रोजगार बंद: सोलापुरातल्या एका मिस्त्रीचं पहिलं वर्ष

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या माणसाला मी फक्त मिस्त्री म्हणणार आहे. गल्लीतही त्यांना याच नावाने हाक मारतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आकडे मात्र त्यांच्या वहीतले आहेत.

आधी माझ्याबद्दल. मी सोलापुरातल्या छोट्या शिलाई युनिटांचे हिशेब लिहितो. मिस्त्रींना सहा-सात वर्षं ओळखतो, त्यामुळे या गोष्टीत मी नुसता बघ्या नाही. वर्षभरात मी त्यांना दोन मोठे सल्ले दिले आणि दोन्ही चुकले. ते पुढे येतीलच.

मिस्त्रींचं वय बेचाळीस. वडील गिरणीत होते. मिस्त्री स्वतः दहावीनंतर एका टॉवेलच्या कारखान्यात मागांवर जॉबरच्या, म्हणजे माग लावणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या, हाताखाली लागले. माग कुठे अडकतो, धोटा का उडतो, हे कानाने ओळखायला तिथे शिकले. माग कमी होत गेले तसे ते गणवेश शिवणाऱ्या एका युनिटमध्ये मशीन मेंटेनन्सला गेले. सोलापूर बाहेरच्यांना चादरीमुळे माहीत असतं, पण शाळेचे गणवेश हाही इथला मोठा धंदा आहे. तो फक्त युनिटांच्या भिंतींआड चालत नाही. पूर्व भागात घरोघरी कटिंगचे गठ्ठे येतात. कुणी कॉलर लावतं, कुणी खिसा, कुणी बाही. एकाच खोलीत सासू विड्या वळत असते आणि सून मशीनवर असते. दोघींचेही पैसे नगावर.

मिस्त्रींच्या घरीही हेच. वहिनी घरी शर्टाच्या कॉलर शिवतात. मिस्त्रींचा पगार सोळा हजार, वहिनींचे पाच-सहा हजार, दोन मुलं, भाड्याच्या दोन खोल्या.

अडचण

डिसेंबरात युनिटच्या मालकांत भावाभावांची वाटणी झाली आणि युनिट बंद पडलं. मिस्त्रींचा दीड महिन्याचा पगार, म्हणजे चोवीस हजार रुपये, राहिला. मालक नाही म्हणत नव्हता, देतही नव्हता. ‘हिशेब मिटू दे की मिस्त्री,’ एवढंच.

एवढ्यावर निभावलं असतं, पण वहिनींनी दहा बायकांच्या गटातून कर्ज काढलं होतं. अशा कर्जात एकीचा हप्ता चुकला की वसुलीवाला बाकीच्या नऊ जणींच्या दारात उभा राहतो. तीन हप्ते चुकले होते आणि गल्लीत बोलणं सुरू झालं होतं. त्यात थोरल्याच्या डिप्लोमाची फी. सगळं मिळून मार्चच्या मध्यापर्यंत तीस हजार उभे करायचे होते. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकत आली होती, जानेवारी संपत होता. हातात सात आठवडे होते.

कोणते पर्याय होते

एके संध्याकाळी त्यांच्या घरी बसून आम्ही तिघांनी पर्याय काढले. मी कागदावर लिहीत होतो, वहिनी खोडत होत्या.

दुसरीकडे नोकरी धरायची, हा पहिला पर्याय. सीझन तोंडावर होता, मिळालीही असती. पण पगार महिना भरल्यावर, आणि तोही चौदा हजारांच्या आसपास. मार्चच्या मध्यापर्यंत एकच पगार हातात आला असता.

शेंगा चटणी आणि कडक भाकरी सुचवली मी. वहिनींच्या हाताला चव आहे, आणि सोलापुरात हे सुचणं म्हणजे पंढरपुरात विठ्ठल आठवणं. वहिनींनी शांतपणे हिशेब मांडला. शेंगदाणे रोखीने आणायचे आणि दुकानदार माल ठेवणार तो पंधरा दिवसांच्या उधारीवर. अन्नपदार्थांची नोंदणी तेव्हा स्वस्त होती, बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाला शंभर रुपये, तो प्रश्नच नव्हता. प्रश्न असा की चांगली चटणी करणाऱ्या बायका प्रत्येक पेठेत आहेत. ‘आणि मी चटणी कुटत बसले तर कॉलरी कोण लावणार?’

मग दुकान. हा माझा पहिला मोठा सल्ला. चौकात छोटा गाळा घ्या, ‘शिलाई मशीन दुरुस्ती’ असा बोर्ड लावा, गिऱ्हाईक येईल. गाळ्याची अनामत वीस हजार होती. तीस हजार उभे करायला निघालेल्या माणसाला मी आधी वीस हजार घालवायला सांगत होतो. तेव्हा मला ते दिसलं नाही. हिशेब लिहिणाऱ्याला बोर्ड लागला की धंदा सुरू झाल्यासारखं वाटतं.

वहिनींनी तो कागद बाजूला सारला आणि एवढंच म्हणाल्या, ‘आपल्या गल्लीत चौदा मशिनी हायत. आज तीन बंद हायत. मी सांगू का कुणाच्या?’

मला वाटतं, या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. मशीन बंद पडली की घरी शिवणारी बाई काय करते? मशीनचं डोकं, म्हणजे टेबलावरचा शिवणारा भाग, काढून रिक्षात घालून बाजारातल्या मिस्त्रीकडे नेते. कारखान्याच्या मशीनचं नुसतं डोकं तीस किलोच्या घरात जातं. रिक्षाचे जाता-येता पैसे, दोन दिवसांचा खाडा, आणि गठ्ठा वेळेत गेला नाही तर पुढचा गठ्ठा दुसरीला. दुरुस्ती असते शंभर-दीडशेची, नुकसान सातआठशेचं. हे युनिटच्या आतून मिस्त्रींना कधी दिसलं नव्हतं. घरून वहिनींना रोज दिसत होतं.

त्यामुळे ठरलं: घरी जाऊन दुरुस्ती. पाने, स्क्रूड्रायव्हर, चिमटे, तेलाची बाटली, सगळं पिशवीत होतंच. जुनी दुचाकी होती. भांडवल जवळजवळ शून्य आणि पैसे काम झाल्याबरोबर.

पहिला आठवडा आणि दराचा प्रश्न

पहिल्या आठवड्यात नऊ घरं झाली. मिळाले सहाशे चाळीस रुपये.

कामं काही हलकी नव्हती. एका मशीनचे टाके सुटत होते. सुई तळाला जाऊन साधारण दोन मिलिमीटर वर उठली की हुकचं टोक तिच्या मागच्या खाचेपाशी यायला हवं. तिथे जराशी चूक असली की धागा पकडला जात नाही. दुसरीचा धागा तुटत होता. तिथे सेटिंगचा दोष नव्हताच, गणवेशाचं पॉलिएस्टर मिश्रणाचं कापड जोरात शिवताना सुई तापत होती आणि हुकवर बारीक चरा पडला होता. सुईचा नंबर बदलला, चरा पॉलिश पेपरने घासून काढला, झालं. मिस्त्रींना हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत जमतं. अडचण नेमकी तिथेच होती.

‘किती द्यायचे?’ असं विचारलं की मिस्त्री म्हणायचे, ‘द्या काय वाटेल ते.’ मग कुणी वीस द्यायचं, कुणी पन्नास, कुणी चहावर भागवायचं. एकदा त्यांनी धीर करून शंभर सांगितले, तर समोरची म्हणाली, ‘ओ मिस्त्री, धा मिनटं बी लागली न्हाईत की! शंभर कशाचे?’ मिस्त्री गप्प बसले आणि चाळीस घेऊन आले.

पगारावर वीस वर्षं काढलेल्या माणसाला स्वतःच्या कामाची किंमत तोंडाने सांगणं किती जड जातं, हे मी जवळून पाहिलं. युनिटमध्ये ते मशीन लवकर चालू करायचे म्हणून चांगले मिस्त्री ठरायचे. इथे लवकर चालू करायचे म्हणून पैसे कमी मिळायचे. एकदा तर ते मला म्हणाले, ‘उद्यापासून जरा हळू करू का?’ चेष्टेत म्हणाले, पण पूर्ण चेष्टेत नाही.

पहिला निर्णय: दरपत्रक

दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला त्यांनी एका जाड कागदावर दर लिहून लॅमिनेशन करून घेतलं. मजकूर वहिनींचा. दर वेळेवर नव्हता, दोषावर होता. सुई, धागा, टेन्शन (धाग्याचा ताण) बघून चालू करून देणं साठ रुपये. आतून सफाई आणि तेल शंभर. टायमिंग, म्हणजे सुई आणि हुकचा मेळ, दीडशे. ओव्हरलॉकच्या, म्हणजे कापडाची कड शिवणाऱ्या मशीनच्या, लूपरचं सेटिंग अडीचशे. सुटा भाग लागला तर त्याचं बिल वेगळं, आणि काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात. खाली दोन ओळी होत्या: ‘तुमच्याच कापडावर शिवून दाखवू. सात दिवसांत तोच दोष आला तर फुकट.’

मिस्त्री घरात शिरले की पिशवी उघडण्याआधी कार्ड मशीनवर ठेवायचे. तोंडाने काही बोलायचं नाही. भाव करायचा तर कार्डाशी करावा लागे, आणि कार्ड काही लाजत नव्हतं.

त्या आठवड्यात सतरा घरं झाली आणि दोन हजार पन्नास रुपये आले. घरं दुप्पट झाली नव्हती, पैसे तिप्पट झाले होते. तिसऱ्या आठवड्यात सत्तावीसशे.

जुना भाग हातात देण्याची सवय सगळ्यात जास्त उपयोगी पडली, असं माझं मत आहे. ‘हुक बदललं’ म्हणून सांगायचं आणि बदलायचंच नाही, अशी तक्रार बायका आधीच्या मिस्त्र्यांबद्दल करत. झिजलेलं हुक हातात आलं की तक्रारीला जागाच उरत नाही. काहीजणींनी ते भाग खिडकीत मांडून ठेवले होते!

एक गोष्ट आम्ही कागदावर लिहिलीच नव्हती. बाई दुपारी घरात एकटी असते. अनोळखी मिस्त्री आत कसा येणार? पहिले काही दिवस वहिनी बरोबर गेल्या. फोनही त्यांचाच नंबर दिला. कोणत्या गल्लीत कोणत्या दिवशी जायचं, हेही त्याच ठरवायच्या. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. ज्या गल्लीत पाण्याचा दिवस, तिथे दुपारपर्यंत कुणालाही मशीनकडे बघायला वेळ नसतो, त्यामुळे त्या दिवशी दुसरी गल्ली. हे वेळापत्रक कुठल्याही ॲपमध्ये मिळालं नसतं.

दुसरा निर्णय: घर की युनिट

चौथ्या आठवड्यात बारा मशीनचं एक छोटं युनिट मिळालं. एका फेरीत चौदाशे रुपयांचं काम. मिस्त्रींना वाटलं, आता घरं सोडावीत आणि युनिटंच धरावीत. दारोदार साठ-साठ रुपये कशाला गोळा करायचे?

युनिटचा मालक म्हणाला, ‘महिन्याला बिल द्या.’ इथे मात्र मिस्त्रींनी स्वतःच्या अनुभवावरून निर्णय घेतला. मालकाकडे अडकलेला पगार डोळ्यांसमोर होता. अर्धे पैसे त्याच दिवशी आणि अर्धे महिनाअखेरीस, असं ठरलं. पुढे आलेल्यांतही हीच अट ठेवली. दोन युनिटांनी मानलं, एकाने नाही मानलं, तिथे ते गेले नाहीत. घरंही सोडली नाहीत. सकाळी युनिट, दुपारी घरं.

घरांचीही उधारी होतीच. नगावर शिवणाऱ्या बायकांना आठवड्याचे पैसे शनिवारी मिळतात, त्यामुळे ‘शनिवारी देते अण्णा’ हे वाक्य आठवड्यात चारदा ऐकू यायचं. मिस्त्री शनिवारी संध्याकाळी वसुलीला जायला लाजायचे. वहिनी जायच्या.

चौथ्या ते सातव्या आठवड्याची जमा अशी: ४,१५०, ४,४००, ४,९००, ५,४६०. सात आठवड्यांची एकूण जमा २४,३०० रुपये. पेट्रोल, फोन, आणि वसूल न झालेले सुटे भाग धरून खर्च ५,१००. हातात राहिले १९,२००. घरखर्च त्या काळात वहिनींच्या कॉलरींवर चालला. ही मेहनत या आकड्यांत कुठेच दिसत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

तीस हजारांना १०,८०० कमी पडत होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात जुन्या मालकाने पगाराच्या बदल्यात दोन जुन्या मशीन देऊ केल्या. मिस्त्रींनी घेतल्या. एक दुरुस्त करायला चौदाशे लागले. सीझन भरात होता, मशीन आठ दिवसांत ९,५०० ला गेली. उरलेले सत्तावीसशे वहिनींनी भिशीतून उचलले. पंधरा मार्चला गटाचे हप्ते आणि फी दोन्ही भरले गेले.

प्रकरण इथेच थांबवलं असतं तर ती यशाची गोष्ट झाली असती. लोक बहुधा इथेच थांबवतात.

तिसरा निर्णय: सहा मशीन

एक मशीन आठ दिवसांत विकली गेली आणि खर्च वजा जाता ८,१०० रुपये सुटले. पण तो नफा नव्हता. ती मशीन मिस्त्रींच्या पगारापोटी आली होती, म्हणजे ते पैसे त्यांचे स्वतःचेच, उशिरा आलेले. मिस्त्रींनी तो नफा समजला. मीही समजलो, आणि माझं तर पोट हिशेबावर चालतं.

एप्रिल-मे जोरात गेले. सीझनमध्ये मशीन रात्री अकरापर्यंत चालतात आणि बिघाडही तेवढेच होतात. मे महिन्यात एक युनिट जुन्या मशीन काढत होतं. सहा मशीन, सरासरी साडेसहा हजार, एकूण एकोणचाळीस हजार. मिस्त्रींकडे शिल्लक चौदा हजार होते. मी म्हणालो, घ्या, पतपेढीतून पंचवीस हजार काढा, प्रत्येकीमागे दोन-अडीच हजार सुटतील. हा माझा दुसरा सल्ला. वहिनी म्हणाल्या, दोनच घ्या. आम्ही दोघांनी ऐकलं नाही.

कर्जाचा हप्ता महिना सव्वादोन हजारांच्या आसपास बसला. मेअखेर एक मशीन गेली. जूनमध्ये शाळा उघडल्या, गणवेश दुकानांतून मुलांच्या अंगावर गेले, आणि गल्ल्या शांत झाल्या. जूनमध्ये सव्वीस हजारांचं काम करणाऱ्या मिस्त्रींच्या वहीत जुलैला ७,२०० रुपये जमा झाले. गठ्ठेच नाहीत तर मशीन कोण चालवणार, आणि चालत नाही तर बिघडणार कशी? जुन्या मशीन तर कुणी दाराशीही उभ्या करेना. पाच मशीन बाहेरच्या खोलीत, मुलांच्या झोपायच्या जागेवर ठेवल्या होत्या. थोरला महिनाभर मित्राकडे अभ्यासाला जात होता तो यामुळेच.

गणवेशाचा सीझन जूनला संपतो, हे मिस्त्रींना माहीत नव्हतं असं नाही. युनिटमध्ये त्यांनी सहा जुलै महिने काढले होते. पण पगारावर असताना मंदीचा महिना म्हणजे निवांत महिना, पगार तोच. तो महिना स्वतःच्या खिशातून कधी गेला नव्हता.

मंदीतून निघायचा रस्ता

जुलैच्या शेवटी मिस्त्री निराश होते. पाचही मशीन चार-चार हजारांना काढून कर्ज फेडावं, असं त्यांच्या मनात होतं. तसं केलं असतं तर एकेकीमागे अडीच हजारांचा फटका होता.

दोन गोष्टींनी वाट मिळाली. पहिली म्हणजे मंदीतच होणारं काम शोधलं. सीझनमध्ये युनिट मशीन पूर्ण उघडू देत नाही, वेळ नसतो. ऑगस्टमध्ये मशीन मोकळ्या असतात. मिस्त्रींनी पूर्ण सर्व्हिसिंगचा दर ठरवला: मशीन उघडून साफ करणं, बुश-पट्टा-तेलाचा मार्ग तपासणं, सेटिंग, सगळं साडेतीनशेला. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चार युनिटांतल्या एकावन्न मशीन झाल्या. पैसे तीन हप्त्यांत आले, पण आले.

त्याच फेऱ्यांत मोटारीचं कामही निघालं. जुनी क्लच मोटार बटन चालू केलं की पायडल दाबा अथवा न दाबा, फिरतच राहते आणि वीज खाते. सर्वो मोटार पायडल दाबल्यावरच फिरते. वीजबिलाने वैतागलेल्या युनिटांना हे पटतं. मिस्त्रींनी या वेळी मोटारी विकत घेऊन ठेवल्या नाहीत. मालकाने दुकानातून आणायची, मिस्त्रींनी दोनशे रुपयांत बसवायची. नफा थोडा गेला, पण झोप गेली नाही.

दुसरी गोष्ट पाच मशीनची. ती कल्पना वहिनींची, आणि मला ती या सगळ्या प्रकरणात सर्वांत हुशारीची वाटते. घरच्या मशीनचं मोठं काम निघालं तर ती दोन-तीन दिवस आणावी लागते. तेवढे दिवस बाईचा रोजगार बुडतो, म्हणून ती मोठं काम टाळते आणि मशीन अजून बिघडते. या सरळ शिलाईच्या मशीनच्या टेबलातला खाचा बहुतेक एकसारखा असतो. मग टेबल-मोटार तिथेच ठेवून फक्त डोकं बदललं तर? आपलं डोकं बसवून द्यायचं, तिचं आणायचं, दिवसाला चाळीस रुपये भाडं. तीस किलोचं डोकं गोणपाटात गुंडाळून दुचाकीच्या पुढ्यात ठेवून मिस्त्री फिरू लागले. गठ्ठा थांबत नाही म्हटल्यावर मोठी कामं येऊ लागली. चाळीस रुपयांच्या भाड्यापेक्षा त्यामागून येणारं सहाशे-सातशेचं काम महत्त्वाचं होतं.

ऑक्टोबरपर्यंत पाचांतली आणखी एक विकली गेली. वर्षाच्या शेवटी दुसरी. तीन फिरत्या राहिल्या.

निष्पत्ती

बारा महिन्यांची सरासरी काढली तर खर्च जाता महिन्याला साडेसोळा हजारांच्या आसपास. म्हणजे जुन्या पगारापेक्षा थोडंसंच जास्त, आणि त्यासाठी डोक्याला ताप पुष्कळ. सरासरीही फसवी आहे. जूनमध्ये तेवीस-चोवीस हजार सुटले आणि जुलैत पाच सुद्धा नाहीत. मार्च ते जून या चार महिन्यांतलं थोडं थोडं जुलैसाठी बाजूला काढलं नाही तर हा धंदा नोकरीपेक्षा वाईट आहे, हे मी स्पष्ट लिहितो.

नोव्हेंबरात एका युनिटने त्यांना पंधरा हजारांची नोकरी देऊ केली. मिस्त्री आठ दिवस विचारात होते. शेवटी आठवड्यातले तीन दिवस साडेसात हजारांवर ठरलं, बाकी दिवस स्वतःचे. काहींना हे माघार घेतल्यासारखं वाटेल. मला वाटत नाही. जुलैचं भाडं आता कुठून येणार, हे ठरलेलं आहे.

कागदपत्रांचं म्हणाल तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद, मी त्यांना मोबाईलवर करून दिली, ती फुकट होते. जीएसटीचा प्रश्न आला नाही, सेवेसाठी वीस लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत शिलाई मशीनचा मिस्त्री बसत नाही, पण शिंपीकाम बसतं, म्हणून अर्ज वहिनींच्या नावाने केला. अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंतचं व्हाउचर आणि पाच टक्के व्याजाने पहिलं एक लाखापर्यंतचं कर्ज, ही चांगली सोय आहे. मात्र पडताळणी आणि प्रशिक्षण होईपर्यंत महिने जातात. सात आठवड्यांत तीस हजार उभे करायला निघालेल्याला त्याचा उपयोग नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

मिस्त्रींशी आणि वहिनींशी यावर वेगवेगळं बोललो. उत्तरंही वेगळी आली.

मिस्त्री म्हणतात, कार्ड पहिल्या दिवसापासून हवं होतं. पहिल्या आठवड्यात वीस-चाळीसवर झालेली घरं पुढे वर्षभर तोच भाव मागत राहिली. त्यांतल्या तीन घरी ते अजूनही कार्ड काढत नाहीत, कारण ‘आता त्या तोंडाला कसं दाखवू?’ म्हणजे नऊ घरांच्या बोहनीची किंमत सहाशे चाळीसपेक्षा बरीच जास्त पडली.

पगाराच्या बाबतीत ते फार लवकर मवाळ झाले, असं माझं मत. कामावरून कमी केल्यावर दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत पगार चुकता करावा, असा वेतन देण्याच्या कायद्याचा दंडक होता. त्यांनी साधा अर्जही केला नाही. चोवीस हजारांच्या बदल्यात दोन जुन्या मशीन आल्या. एक साडेनऊ हजारांना गेली, दुसरीला नंतर सात हजार आले, आणि दोन्हींच्या दुरुस्तीचा खर्च वेगळा. मिस्त्री म्हणतात, त्याच मालकाच्या भावाने आज युनिट काढलंय आणि ते काम आपल्याकडे आहे, भांडलो असतो तर मिळालं नसतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मशीन घेतल्या तेव्हा बाकी रकमेची एक चिठ्ठी तरी लिहून घ्यायला हवी होती.

सहा मशीनबद्दल वहिनी काहीच बोलल्या नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघून हसल्या. तेव्हा मीच लिहितो: सीझनच्या शेवटी माल भरू नये, ही गोष्ट मी गणवेशाच्या व्यापाऱ्यांना वीस वर्षं सांगत आलोय. मशीन हाही माल आहे, हे मला सुचलं नाही. मेऐवजी सप्टेंबरात खरेदी केली असती तर त्याच मशीन कदाचित पाच हजारांना मिळाल्या असत्या, आणि जानेवारीत विकायला तयार असत्या.

वहिनींचं म्हणणं वेगळ्याच गोष्टीबद्दल होतं. त्या म्हणाल्या, ‘मी पहिल्यापासून शिकायला पाहिजे होतं.’ वर्षभर त्या फोन घेत, दिवस ठरवत, उधारी वसूल करत, आणि साध्या साठ रुपयांच्या कामालाही मिस्त्रींची वाट बघत. मिस्त्री युनिटमध्ये अडकले की गल्लीतलं काम दुसऱ्या दिवसावर जायचं. डिसेंबरात त्यांनी टेन्शन आणि टायमिंग शिकून घेतलं. शिकवताना मिस्त्री दोनदा चिडले आणि वहिनींनी एकदा स्क्रूड्रायव्हर टाकून दिला, असं धाकट्याने मला सांगितलं.

आता घरांची साधी कामं वहिनीच करतात. शेजारच्या गल्लीतल्या तेलुगू बोलणाऱ्या बायका त्यांना अक्का म्हणतात आणि मिस्त्री येणार म्हटलं तर ‘नको, अक्कालाच पाठवा’ असं सांगतात. दरपत्रक नवीन छापलंय. टायमिंगचे दीडशेचे एकशे ऐंशी झाले आहेत. वहिनींनी मला न विचारताच वाढवले.